ढेकणाच्या मागावर आलेली माशी

कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाऊ लागले की खाली खानदेशची कापसाची शेते सुरू होतात. घाटाच्या वर, शिवना नदीच्या काठाकाठाने, कन्नड तालुक्यातही कापूस आणि मका ही नेहमीची पिके. या भागातल्या शाळेतील मुलांना 'पिठ्या ढेकूण' म्हणजे काय हे फळ्यावर चित्र काढून सांगावे लागत नाही. कपाशीच्या शेंड्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, खाली चिकट झालेली पाने आणि त्यावर मुंग्यांची ये-जा, हे सारे त्यांनी पाहिलेले असते. मात्र त्याच शेंड्यावर चिलटाएवढी एक काळी माशी फिरत असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हा लेख त्या माशीच्या आणि तिच्या भाऊबंदांच्या इतिहासाविषयी आहे.

एक शब्द, अनेक किडे

आपल्या भाषेत 'ढेकूण' हा शब्द फार ऐसपैस आहे. खाटेतला तो ढेकूण, तुरीच्या शेंगांतला रस शोषणारा तो शेंग-ढेकूण, सोयाबीनवरचा हिरवा ढेकूण, कपाशीच्या बोंडावरचा लाल ढेकूण आणि पिठासारखे मेण अंगावर वागवणारा पिठ्या ढेकूण. शेतकऱ्याने दिलेली ही नावे शास्त्राच्या दृष्टीनेही फारशी चुकीची नाहीत. हे सारे कीटक एकाच गणातले आहेत आणि चावून खाणारे जबडे यांपैकी कोणालाच नसतात. सुईसारखी सोंड खुपसून रस किंवा रक्त ओढून घेणे, हीच सर्वांची रीत. हिरव्या ढेकणाला हात लावला की बोटांना उग्र वास येतो, तो त्याच्या शरीरातील ग्रंथींचा. पक्षी वा इतर शत्रू दूर राहावेत म्हणून ही सोय. पिठ्या ढेकणाने संरक्षणाचा निराळा मार्ग धरला आहे. त्याच्या अंगावर मेणाचे कवच असते.

पण वास काय किंवा मेण काय, दोन्हींना न जुमानणारे शत्रू निसर्गात आहेत. ते गांधीलमाशीच्या गणातले आहेत. गांधीलमाशी म्हटले की आपल्याला डंख आठवतो. कौलाखाली मातीचे घर बांधणारी कुंभारीणही याच गणातली. परंतु या गणातील असंख्य जाती इतक्या लहान आहेत की त्या माणसाला डंख मारूच शकत नाहीत. त्यांची मादी दुसऱ्या कीटकाच्या शरीरात किंवा अंड्यात आपले अंडे घालते. त्यातून निघालेली अळी यजमानाला आतून खाते आणि शेवटी त्याला मारूनच बाहेर पडते. उवा किंवा जंत यांच्यासारखे परोपजीवी यजमानाला सहसा जिवंत ठेवतात. येथे मात्र यजमानाचा मृत्यू ठरलेला असतो. शेतीच्या दृष्टीने या माश्यांचे सारे महत्त्व या एका फरकात आहे.

युरोपातील निरीक्षकांना हा प्रकार फार काळ कोड्यात टाकत होता. कोबीवरील सुरवंटातून फुलपाखराऐवजी माश्या कशा निघतात? एका जीवाचे दुसऱ्यात रूपांतर होते की काय? अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर इटलीतील अंतोनिओ वालिस्निएरी यांनी याचा उलगडा केला: त्या माश्या सुरवंटाच्या नव्हेत, सुरवंटात अंडी घालणाऱ्या माशीच्या आहेत. हे ज्ञान शेतीच्या कामी यायला आणखी जवळजवळ पावणेदोनशे वर्षे जावी लागली. १८८३ साली सी. व्ही. रायली यांनी कोबीवरील अळीसाठी अशीच एक माशी इंग्लंडहून अमेरिकेत नेली. एका खंडातून दुसऱ्या खंडात परजीवी माशी मुद्दाम नेऊन वसवण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

अंड्यातच गाठणारी माशी

हिरव्या ढेकणाच्या बाबतीत हा उपाय विसाव्या शतकात योजला गेला. नेझारा व्हिरिडुला हे त्याचे शास्त्रीय नाव. जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत तो पोहोचलेला आहे. ऑस्ट्रेलियात तो १९१६च्या सुमारास आढळला आणि भाजीपाल्यावर पसरला. तेथील शास्त्रज्ञांनी १९३३ साली इजिप्तहून ट्रिसॉल्कस बेसॅलिस ही माशी आणली. ती मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. हिरव्या ढेकणाची मादी पानामागे अंडी घालते ती पिंपे मांडावीत तशी ओळीने चिकटवून. ही माशी एकेका अंड्यावर चढते, त्यात आपले अंडे घालते आणि वर खूणही करून ठेवते, म्हणजे त्याच अंड्यात पुन्हा अंडे घातले जाऊ नये. काही दिवसांनी त्या अंड्यांतून ढेकणाच्या पिलांऐवजी माश्या बाहेर पडतात. किडीने पिकाला सोंड लावण्यापूर्वीच तिचा निकाल लागतो.

ऑस्ट्रेलियातून ही माशी १९४९ साली न्यूझीलंडला गेली आणि १९६२ साली हवाई बेटांवर. पुस्तकांत ती 'यशस्वी जैविक नियंत्रणाचे' ठळक उदाहरण म्हणून छापली जाऊ लागली. पुढे १९९० साली ए. आर. क्लार्क या शास्त्रज्ञाने सगळे जुने पुरावे पुन्हा तपासले आणि एक अडचणीचा प्रश्न विचारला. काही भागांत, विशेषतः सोयाबीनच्या पट्ट्यात, ढेकूण तर अजूनही त्रास देतोच आहे. मग हे यश सर्वत्र सिद्ध झाले असे म्हणता येईल का? हवाईमध्ये निराळीच शंका निघाली. ही माशी तेथील मूळच्या, निरुपद्रवी आणि सुंदर रंगाच्या एका ढेकणाच्या अंड्यांतही वाढते असे दिसून आले. एका मित्रकीटकाने दुसऱ्या निरपराध कीटकाला धक्का लावला काय, यावर पुढे बरेच संशोधन झाले.

विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण विजयाच्या गोष्टी सांगतो आणि तेथेच थांबतो. पण सत्तावन्न वर्षांनंतर कोणी तरी जुनी वही पुन्हा उघडून बेरीज तपासतो, हाही विज्ञानाचाच भाग आहे. मुलांना तो सांगायला हवा.

कापसावरचे पीठ

आता आपल्याकडे येऊ. ज्या पिठ्या ढेकणाविषयी आपण बोलतो आहोत त्याचे नाव फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. १८९८ साली टिन्स्ली यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधून त्याचे प्रथम वर्णन केले. तो सापडला मुंग्यांच्या वारुळात, आणि त्या मुंग्यांच्या सोलेनॉप्सिस या नावावरूनच त्याचे नाव पडले. नाव ठेवणाऱ्याने नकळत एक मर्मही सांगून ठेवले. मुंग्या या ढेकणाने सोडलेला गोड चिकट द्रव चाटतात आणि बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

पुढील सुमारे नव्वद वर्षे या किड्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. १९९१ साली टेक्सासमधील कापसावर त्याने नुकसान केल्याची नोंद आली. मग दक्षिण अमेरिका, आणि २००५ साली पाकिस्तानातील कापूस. भारतात त्याच सुमारास गुजरात, पंजाब, हरियाणा या राज्यांतून तक्रारी सुरू झाल्या आणि २००७पर्यंत तर पंजाबातील अनेक शेतांत उभी कपाशी वाळली. महाराष्ट्रातही विदर्भ, मराठवाडा, खानदेश या कापसाच्या पट्ट्यांत तो दिसू लागला.

तो काळ आठवून पाहा. बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली होती. बीटी प्रथिनाने अळी मरते, पण रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. शेतकऱ्याला वाटले होते की आता फवारणी संपली. तेवढ्यात हे पांढरे संकट आले. पंप पुन्हा पाठीवर चढले. पण मेणाच्या थरावरून औषध ओघळून जाते. पानांच्या बेचक्यात, खोडाच्या तळाशी, गवताच्या मुळाशी दडलेल्या पिलांपर्यंत ते पोहोचत नाही. मादी शेकडो पिले देते. म्हणून एकदा फवारले की पुन्हा फवारा, आणि फवारल्यावर वाचतो तो ढेकूणच. उघड्यावर हिंडणारे त्याचे शत्रू मात्र आधी मरतात.

यात आणखी एका परदेशी पाहुण्याची भर होती. बांधावरचे गाजरगवत १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. कापसाचा हंगाम संपला की पिठ्या ढेकूण या गाजरगवतावर, तसेच जास्वंदीसारख्या झाडांवर तग धरून राहतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात उतरतो. म्हणजे बांध स्वच्छ ठेवण्याचा जुना सल्ला येथे अगदी कामाचा.

नाव ठरवण्याचे महत्त्व

या संकटाच्या सुरुवातीला सर्वांत मोठी अडचण कोणती होती? औषधाची नव्हे, नावाची. हा किडा कोणता? आपल्याकडे पूर्वीपासून पिठ्या ढेकणांच्या इतर जाती होत्याच. पाकिस्तानात सुरुवातीस त्याला नवीनच जात समजून वेगळे नावही सुचवले गेले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ९ राज्यांतील ४७ ठिकाणांहून नमुने गोळा केले आणि दाखवून दिले की सर्वत्र प्रामुख्याने हीच एक अमेरिकन जात आहे.

यात एवढे काय, असे कोणी विचारील. नाव कळले की गाव कळते, आणि गाव कळले की तेथे त्याचा शत्रू कोण हे शोधता येते. आपल्या मूळ मुलखात हा किडा नव्वद वर्षे गप्प का होता? कारण तेथे त्याला आवर घालणारे कोणी तरी होते. नाव चुकले तर आपण चुकीच्या देशात चुकीची माशी शोधत बसू. सूक्ष्मदर्शकाखाली मिशांची पेरे मोजत बसणारा वर्गीकरणशास्त्रज्ञ शेतकऱ्याच्या किती उपयोगाचा आहे, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडत नाही.

शत्रूचा असा शोध घेण्याआधीच एक आश्चर्य घडले. २००८ साली दिल्लीतील संशोधकांना काही पिठ्या ढेकूण निराळे दिसले. पांढरे पीठ झडलेले, अंग फुगून पिंपासारखे झालेले, रंग लालसर तपकिरी आणि साल चामड्यासारखी कडक. अशा मेलेल्या ढेकणाला शास्त्रज्ञ 'ममी' म्हणतात. त्या ममीला गोल भोक पाडून काळी माशी बाहेर पडत होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद हयात हे या सूक्ष्म माश्यांचे जगन्मान्य अभ्यासक. त्यांनी २००९ साली तिचे नवी जात म्हणून वर्णन केले. दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. ओ. एम. बांबावाले यांच्यावरून तिचे नाव ठेवले गेले एनॅसियस बांबावालेई.

मग उत्तर भारतापासून महाराष्ट्र-गुजरातपर्यंत जेथे जेथे पाहिले तेथे ही माशी सापडू लागली. काही शेतांत तर निम्म्याहून अधिक ढेकूण तिने ग्रासलेले होते. तिला कोणी आणले नव्हते, कोणी सोडले नव्हते.

गोष्टीचे शेवटचे वळण पुढे आले. २०१४च्या सुमारास जुन्या संग्रहांतील नमुन्यांशी तुलना झाली आणि कळले की ही जात नवी नाहीच. विसाव्या शतकाच्या आरंभी ए. ए. गिरॉल्ट यांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोनामधून जिचे वर्णन केले होते तीच ही. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुने नाव कायम राहते. म्हणून आज तिला एनॅसियस अ‍ॅरिझोनेन्सिस म्हणतात. आता चित्र पूर्ण झाले. आपण लावतो तो अमेरिकन कापूस, बांधावरचे गाजरगवत, त्यांवर जगणारा पिठ्या ढेकूण आणि त्याच्या मागावर आलेली ही माशी, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. कन्नडच्या काळ्या जमिनीत त्यांची पुन्हा गाठ पडली.

असेच काहीसे पुढे अमेरिकेतही घडले. चीन-जपानकडील एक तपकिरी, दुर्गंधी ढेकूण, हॅलिओमॉर्फा हॅलिस, १९९०च्या दशकात पेनसिल्व्हेनियात पोहोचला. २०१० साली त्याने सफरचंदाच्या बागांचे अतोनात नुकसान केले. त्याच्या अंड्यांत वाढणारी ट्रिसॉल्कस जॅपोनिकस ही माशी शास्त्रज्ञांनी आशियातून आणून बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवली होती. हवाईचा धडा लक्षात ठेवून ती स्थानिक ढेकणांना अपाय करील का, याच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालू होत्या. आणि २०१४ साली तीच जात मेरीलँडमध्ये मोकळ्या रानात सापडली! आनुवंशिक तपासणीत दिसले की ती प्रयोगशाळेतून निसटलेली नव्हती. स्वतंत्रपणे येऊन पोहोचली होती.

बोलावून आणलेली माशी

तर मग पाहुण्याची वाट पाहत बसावे काय? याचे उत्तर पपईच्या गोष्टीत आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण, पॅराकॉकस मार्जिनॅटस, हा मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात तो २००८ साली कोइमतूर येथे प्रथम नोंदला गेला. पपईबरोबरच तुतीवर आणि टॅपिओकावर त्याने हल्ला केला. तुती गेली की रेशमाचे किडे उपाशी, म्हणजे रेशीम उत्पादकांच्या घरातही चूल थंड. २०१०मध्ये महाराष्ट्रातही पुण्याकडील पपईच्या बागांत तो पोहोचला.

या वेळी जात कोणती हे लवकर पक्के झाले होते आणि कॅरिबियन बेटांत तिच्यावर कोणती माशी चालते हेही ठाऊक होते. बंगळूरच्या संस्थेने, जिला आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणतात, जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून तीन जातींच्या माश्या आणल्या. त्या बंदिस्त ठेवून तपासल्या, रेशमाच्या किड्यांसारख्या उपयोगी कीटकांना त्या त्रास देत नाहीत याची खात्री केली, वाढवल्या आणि ऑक्टोबरपासून शेतांत सोडायला सुरुवात केली. तीन जातींपैकी अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही दीड मिलिमीटरहून लहान माशी सर्वांत सरस ठरली. काही महिन्यांतच बागा सावरल्या. पुढे इतर राज्यांतही ती पोहोचवली गेली. माशी स्वतःच बागेमागून बाग ओलांडत गेली.

अशी आयात आपल्याकडे नवी नव्हती. १९६३ साली न्यू गिनीहून बंगळूरच्या केंद्रात टेलेनोमस रेमस ही माशी आणली गेली होती, तंबाखूच्या पाने खाणाऱ्या अळीच्या अंड्यांसाठी. ही माशी हिरव्या ढेकणाच्या ट्रिसॉल्कसच्याच कुळातली. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात मक्यावर आली आणि कन्नड-सिल्लोडकडच्या मक्याच्या पट्ट्यालाही तिची झळ लागली, तेव्हा या अळीच्या अंडीपुंजांवर टेलेनोमसला पुन्हा काम मिळाले. ट्रायकोकार्ड म्हणून जे कागदाचे तुकडे शेतात टाचतात, त्यांवरही अशाच अंड्यांत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा माश्या असतात.

श्रेय कोणाचे?

पपईच्या बाबतीत श्रेय माशीला आणि तिला आणणाऱ्या माणसांना निःशंकपणे देता येते. कापसाच्या बाबतीत थोडे थांबावे लागते. २००९-१०नंतर पिठ्या ढेकणाचा जोर ओसरला हे खरे. पण त्याच काळात बांधावरचे तण काढण्याच्या मोहिमा झाल्या, ग्रासलेली झाडे उपटली गेली, पावसानेही काही ठिकाणी साथ दिली, ढालकिड्यांसारखे इतर शत्रूही कामाला लागले. ऑस्ट्रेलियातील हिशेब पुन्हा तपासला गेला तसा आपलाही तपासला पाहिजे. माशीचा वाटा मोठा होता असे अभ्यासकांचे मत आहे. तो एकटीचा होता असे मात्र म्हणू नये.

आणि एक गोष्ट तर निर्विवाद आहे. माशीला काम करू द्यायचे असेल तर तिला मारता कामा नये. सरसकट फवारणीत ढेकणाच्या आधी ती जाते. फवारणीची किंमत नुसती पैशांत मोजण्याची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. टाळता येण्यासारखी एकेक फवारणी टाळणे म्हणजे काय, हे त्या घरांना विचारावे.

वर्गात काय करता येईल?

ज्या शेतात गेल्या काही आठवड्यांत फवारणी झालेली नाही असे शेत, किंवा शाळेच्या आवारातील जास्वंद निवडावी. पिठ्या ढेकूण असलेली एक फांदी घेऊन मुलांना भिंगातून शंभर मोठे ढेकूण मोजू द्यावेत. त्यांतील किती पांढरे, किती तपकिरी व कडक, आणि कितींना गोल भोक पडलेले, असे तीन रकाने करावेत. भोक न पडलेल्या तपकिरी ममी काचेच्या बाटलीत ठेवून तोंडाला तलम मलमल बांधावी आणि बाटली सावलीत ठेवावी. साधारण दोन आठवड्यांच्या आत बाटलीत माश्या दिसू लागतात. मुंग्यांची रांग असलेल्या आणि नसलेल्या फांद्यांची तुलना केली तर आणखी एक प्रश्न हाती येतो: मुंग्या असतील तेथे ममी कमी दिसतात का?

कापसाचा पिठ्या ढेकूण देशभर एकच आहे हे कळले ते कोणी तरी ४७ ठिकाणी जाऊन असेच मोजून पाहिले म्हणून. मुलांनी केलेले तीन रकाने सांभाळून ठेवावेत आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने त्याच झाडावर ते पुन्हा भरावेत. पाच वर्षांत शाळेकडे आपल्या गावचा एक हिशेब तयार होईल. तो फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी घरी वडिलांना दाखवता येईल असा असावा.